रहांगडाल्यांच्या सपरीतला फोन

१

जियालाल रहांगडाले भल्या सकाळी दारात येऊन उभा राहिला, तेव्हाच सुलोचनाबाईंनी ओळखलं, की याच्या घरात काहीतरी पेटलंय. एरवी हा माणूस कुणाच्या दारात जाणारा नव्हे. धानाची चांगली शेती, पक्कं घर, पोरगा बिरसीच्या विमानतळावर नोकरीला. लोकांनी त्याच्याकडे यायचं, त्याने लोकांकडे नाही. त्यात रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, ऐन घाईत बाईंनी ठरवलेल्या मजूर बाया त्याने आपल्या शेताच्या बांधीत पळवल्या होत्या, आणि तेव्हापासून बाई त्याच्याशी बोलत नव्हत्या. बाईंचा राग म्हणजे काय विचारता! सौंदडच्या निम्म्या गावाने लहानपणी तो राग शाळेच्या वर्गात सोसला होता.

"बाई, राग मंग करजा," जियालाल उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "तुमी तंटामुक्ती समितीच्या अध्यक्ष. दोन शब्द कागदावर लिहून पायजेत. गुपचूप."

"कायचे शब्द?"

"सुनेले माहेरी पाठवून राहिलो. कायमची."

बाईंनी हातातला झाडू खाली ठेवला. दुर्गेश्वरी, त्याची सून. लग्नाला दोन वर्षं झालेली, शांत, कामसू पोर. आणि आता तिला दिवस गेलेले, हेही गावातल्या बायांना ठाऊक होतं.

जियालालने खिशातून एक कागद काढून हात लांब करून धरला. "चष्म्याबिगर मले काही दिसत नाई. पुतण्यानं, धनेंद्रनं वाचून दाखवलं. फोनचं बिल आहे. अडतीस हजार! सारे फोन विदेशातले. आता विदेशात आमचं कोण हाय जी?"

बाईंनी बिल पाहिलं. एकच पान, वर एकूण रक्कम आणि खाली इंग्रजीत एक ओळ : आंतरराष्ट्रीय कॉल. कुठे केले, कधी केले, कुणाला केले, याचा पत्ता नाही.

"परवा तिचा बाप येते. तिजाच्या सणाले लेकीले माहेरी नेतातच ना, तसं नाव करून ते जाईन. मंग आमी आणाले जाणारच नाई. गावात बोभाटा नाई, तिच्या बापाची इज्जतबी राहीन. फक्त दोन्हीकडची मर्जी आहे, असं तुमी लिहून द्या."

"अन् पोटात लेकरू आहे, त्याचं काय?"

जियालालने मान खाली घातली. पायाच्या अंगठ्याने माती उकरली.

"थेच तं सांगता येत नाई ना बाई," तो म्हणाला, "कोणाचं थे."

२

असले कागद सुलोचनाबाई लिहीत नसत. पण "लिहीत नाही" म्हणून दार लावून घेतलं असतं, तर जियालालने दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतला असता. म्हणून त्या पायात चपला सरकवून त्याच्यामागे निघाल्या.

रहांगडाल्यांच्या घराच्या पुढच्या पडवीला घरचे सपरी म्हणत. तिथेच एका स्टुलावर तो फोन. दिसायला टेबलावरच्या जुन्या फोनसारखा, पण बिनतारी, वर छोटा पडदा, महिन्याचं बिल येणारा. खालच्या बाजूला आलेल्या नंबरावर परत फोन लावणारं हिरवं बटण, दाबून दाबून त्याचा रंग उडालेला. सबंध घराला हा एकच फोन, कारण पोराचा, योगराजचा मोबाइल दिवसभर बिरसीला असे.

"कोणावर संशय आहे?" बाईंनी खाटेवर बसत विचारलं.

"संशय कायचा? बिरसीले विमान शिकाले थो दिल्लीकडचा पोरगा होता ना, थो पायलट. योगराजनं जेवाले आणला होता इथं. हिनं वाढलं, हासून बोलली. मंग थो शिकून गेला विदेशात. धनेंद्रनं बरोबर जोडून सांगतलं मले. रोवणीत आमी सारे बांधीत, अन् हे..."

फोन एकदा वाजला आणि बंद पडला.

जियालालचं वाक्य तोंडातच राहिलं. साठीचा माणूस, पण ताडकन उठला, दोन ढांगांत स्टुलाशी गेला आणि ते हिरवं बटण दाबून कानाशी धरलं. "हां, हॅलो! बोलवा तिले. हां, थांबतो." बाईंकडे वळून तो म्हणाला, "बायांचा मिस कॉल होता. निंदाले पायजेत ना!" आणि फोन कानाशी तसाच धरून थांबला. पलीकडे किराणा दुकानातून कुणीतरी मजुरीच्या बायांच्या म्होरकीला बोलवायला गेलं होतं. ती आली, बोलणं ठरलं, फोन ठेवला.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "असंच माझ्या बाया नेल्या तुमी! मी तासाभरानं फिरवून फोन केला, तोवर त्या तुमच्या बांधीत!"

"मंग? जो पयले फिरवते त्याच्या बाया." जियालाल तेवढ्या दुःखातही जरा फुशारला. "बिचाऱ्याईजवळ पैसे नसतात. मिस कॉल देतात. आपण उचलाचा नाई, त्याईचे पैसे कटतात. आपणच लावाचा. पण यंदा रोवणीत लय तरास झाला बाई. कोण्या छत्तीसगडच्या बाया होत्या का बालाघाटच्या, मिस कॉल देत. मी लावलं का आपल्याच बोलीत बोलत, हासत, गाणं म्हणत. मी हॅलो हॅलो करून राहिलो, चहा पिऊन झाला तरी म्होरकी काई येईना. अन् रोवाले तं एक नाई आली."

बाई हं हं करत होत्या. मजुरांची रड त्यांना नवी नव्हती, आणि त्यांचं लक्ष आतल्या दाराकडे होतं. दाराआड सुखवंता, जियालालची बायको, पदर तोंडाला लावून उभी होती.

"माह्या डोयानं पायलं नाई बाई," सुखवंता हळूच म्हणाली. "पण रोवणीत हे एकटीच घरी असे. कोण पाहाले होतं?"

दुर्गेश्वरी मागच्या सांदवाडीत, परसातल्या भाजीच्या वाफ्यात, भेंडी तोडत होती. डोळे सुजलेले, पण आता रडत नव्हती. बाईंनी एकच विचारलं, फोन कधी लावत होतीस?

"लावतच नाही. घरी फोन करायचा असला की बाबाले मिस कॉल देते, ते फिरवून करतात. वाजला तरी मी उचलत नाही. उचलला तर मामाजी ओरडतात, बायांचे पैसे गेले म्हणून." तिने भेंडीचं देठ मोडलं. "विदेशाचा नंबर कसा लावतात, तेबी मले ठाऊक नाही. पण कोण ऐकते?"

बाई परत निघाल्या, तशी फाटकाआडून एक हात पुढे आला आणि त्यांचा दंड घट्ट धरला. जियालालची धाकटी पोर, कॉलेजात जाणारी रुचि. चेहरा पांढराफटक.

"मॅडम, वहिनीनं नाही केला," ती कुजबुजली. "फोन मी केला."

३

बाईंनी तिला रस्त्याच्या कडेला नेलं. "सांग. सारं सांग."

रुचिचं सारं एका दमात बाहेर पडलं. टीव्हीवर गाण्याची स्पर्धा होती. आवडत्या गायकाला फोन करून मत द्यायचं. एका मताला साध्या फोनपेक्षा बरेच जास्त पैसे पडतात हे तिला ठाऊक होतं, तरी तिने दिली मतं. बाबा आंघोळीला गेले की द्यायची.

"किती दिलीस?"

"आठ-दहा असतील. मले वाटलं नव्हतं इतकं बिल येईल! अन् वहिनीवर नाव आलं तं माह्या तोंडातून शब्दच नाही निघाला मॅडम. बाबा मले कॉलेजातून काढतील."

"तो फोन मुंबईला लागतो पोरी, विदेशात नाही," सुलोचनाबाई म्हणाल्या. "अन् आठ-दहा मतांनी अडतीस हजार होत नाहीत." पोरीला धीर आला, तसं बाईंनी तिला चांगलं खडसावलंही. खरी चूक मत दिल्याची नव्हतीच. एका बाईचा संसार मोडायला निघाला होता आणि ही गप्प बसली होती!

संध्याकाळी योगराज बिरसीहून आला, तेव्हा बाईंनी त्याला गावाबाहेरच्या पुलावर गाठलं. त्याने मोटरसायकल बंद केली, पण उतरला नाही.

"तुला काय वाटते?"

"मी का सांगू बाई? बाबानं ठरवलं."

"मी बाबाचं विचारत नाही. तुझं विचारते."

तो हँडलवरची धूळ पुसत राहिला. बाईंनी मग दुसरीकडून सुरुवात केली. तो पायलट आता कुठल्या देशात आहे?

"देशात?" योगराज गोंधळला. "थो कुठी विदेशात गेला? त्याले नोकरीच नाही लागली. फरीदाबादले घरीच हाय. मागच्याच महिन्यात फोन आला होता त्याचा, माह्या मोबाइलवर."

बाईंना क्षणभर आपण काय ऐकतोय तेच कळेना. "मग हे तू बापाला काऊन नाही सांगितलं?"

"बाबासमोर कसा बोलू जी?" योगराज म्हणाला, आणि गाडी सुरू करून निघून गेला.

पायलट फरीदाबादला, रुचिची मतं मुंबईला. मग विदेशात कोण बोलत होतं? त्या घरात आता उरलं होतं तरी कोण?

४

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने बाई गोंदियाला गेल्या. फोन कंपनीच्या कार्यालयात काचेमागे एक पोरगी बसली होती. तिने जियालालचं बिल पाहिलं, संगणकात काहीतरी ठोकलं आणि भुवया वर केल्या.

"आंटी, ये तो एक टापू का नंबर है. समुंदर के बीच में छोटा सा देश. और कॉल भी कितना लंबा-लंबा है! आपके घर का कौन है वहाँ?"

"कोणीच नाही. म्हणून तर आले."

पोरीने इकडेतिकडे पाहून आवाज खाली घेतला. "ये नंबर का रेट ही अलग रहता है. आदमी जितना देर लाइन पे रहेगा, उतना पैसा कटेगा, और उसमें से हिस्सा जिसका नंबर है उसको मिलता है. इसीलिए वो लोग लाइन पे पकड़ के रखते हैं. बात करके, गाना सुनाके, कैसे भी."

"अन् हे तुम्ही चालू ठेवता? लोकांना सांगत नाही?"

"मैं क्या करूँ आंटी, मैं तो काउंटर पे बैठती हूँ." मग जरा घुटमळून तिने आणखी एक सांगितलं. विदेशी फोनची सोय आपोआप सुरू होत नाही. ग्राहकाने मागावी लागते. जियालालच्या फोनवर ती पहिल्या दिवसापासून सुरू होती.

जियालाल आणि विदेशी फोनची सोय मागणार? बाई गाडीत बसल्या, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. सौंदड स्टेशनवर उतरून त्या थेट धनेंद्रच्या दुकानात शिरल्या. धनेंद्र जियालालचा पुतण्या. मोबाइल, रिचार्ज आणि फोन विकायचा त्याचा धंदा. रहांगडाल्यांचा फोन त्यानेच आणून दिलेला.

"काकाच्या फोनवर विदेशी सोय कोणं मागितली होती रे?"

धनेंद्र हसला. मग बाई हसत नाहीत हे पाहून त्याचं हसू विरलं.

"सारी सोय चालू करून विकला तं कंपनी दुकानदाराले जास्त देते," तो शेवटी म्हणाला. "म्या सारंच चालू केलं. काकाले कायले विचारू? त्याईले का समजते त्यातलं?"

"म्हणजे बिल पाहिल्याबरोबर तुझ्या लक्षात आलं होतं, दार तूच उघडं ठेवलंय ते. अन् काकाने तुला धरू नये म्हणून तू पायलट काढला!"

"मी नुसतं म्हटलं, असंबी असू शकते म्हून..."

"नुसतं म्हटलं!" बाईंचा हात त्या वयातही शिवशिवला. "तुझ्या नुसत्या म्हणण्यानं चार महिन्यांची पोटुशी बाई घराबाहेर निघून राहिली!"

"पण बाई, फोन म्या नाई केले!" धनेंद्र रडवेला झाला. "माह्या लेकराची आण. दार म्या उघडलं असन, पण कोणीतरी आतून गेलंच ना?"

आणि तो खोटं बोलत होता असं वाटत नव्हतं. दुर्गेश्वरीचा बाप दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने येणार होता.

५

घरी जायच्या आधी बाई आपल्या बांधीवर गेल्या. देवकाबाई आणि तिच्या बाया धानात वाकून निंदण काढत होत्या. ही देवकाबाई आसपासच्या गावांतली सगळ्यांत मोठी म्होरकी. हिच्याच बाया रोवणीत जियालालने पळवल्या होत्या, आणि बाईंच्या मनातली ती जळजळ अजून गेली नव्हती.

"देवका, जियालालभाऊच्या जिभेला साखर लागली होती का ग? त्याच्या फोनवर बऱ्या धावत गेल्या तुम्ही!"

"त्यानं पयले फिरवला बाई, आमी का करू?" देवकाबाई हसली. "पण घाई लय होती भाऊले. दरवेळी विचारे, छत्तीसगडच्या बाया येऊन राहिल्या, तुमी येता का नाई ते सांगा."

"मग आल्या का त्या छत्तीसगडच्या?"

"कुठच्या जी! यंदा एक टोळी नाई आली तिकडून. तिकडंच काम निघालं म्हून सांगत होते. या साऱ्या गावाईचं रोवणं आमीच केलं."

"बालाघाटच्या?"

"कोणीच नाई. आमाले विचारल्याबिगर या भागात टोळी येते का?"

बाई बांधावर चिखलात उभ्या राहिल्या. म्हणजे यंदा बाहेरची एकही टोळी आली नव्हती. मग जियालालच्या फोनवर हसत होत्या, गात होत्या, न कळणाऱ्या बोलीत बोलत होत्या, त्या बाया कोणत्या?

आणि एकाएकी त्यांना गोंदियाच्या त्या काचेमागच्या पोरीचं बोलणं आठवलं. लाइनवर धरून ठेवतात, बोलून, गाणं ऐकवून, कसंही.

"अगं बाई गं," त्या मोठ्याने म्हणाल्या. "देवाऽ! त्या गरीब पोरीला हा माणूस कशासाठी हाकलायला निघाला!"

देवकाबाईने कंबर सरळ केली. "काय झालं जी?"

"काही नाही. तू निंद." बाई चपला हातात घेऊन भराभर बांध उतरल्या. पण ओळखणं वेगळं आणि जियालालच्या गळी उतरवणं वेगळं. गाव ऐकतं अशा माणसाला त्याच्याच सपरीत, व्याह्यासमोर, 'तुझंच चुकलं' म्हणायचं, आणि तो कानावर हात ठेवणार हे उघड होतं. त्याच्याच हाताने दाखवल्याशिवाय तो मानणार नव्हता.

६

श्यामलाल टेंभरे, दुर्गेश्वरीचा बाप, सकाळच्या गाडीने आला. त्याला अजून काहीच सांगितलं नव्हतं. तिजाचा आनंद तोंडावर, हातात लेकीसाठी साडीची पिशवी. सपरीत जियालाल, सुखवंता, योगराज, रुचि, आणि बाईंनी मुद्दाम बोलावलेला धनेंद्र. दुर्गेश्वरी दारात उभी होती, तिची बॅग भरून भिंतीशी ठेवलेली.

"कागद आणला का बाई?" जियालालने हळूच विचारलं.

"आणला," सुलोचनाबाई म्हणाल्या आणि पिशवीत हात घातला.

स्टुलावरचा फोन एकदा वाजून बंद झाला.

जियालाल उठला. कुणाकडे न पाहता, पडद्याकडेही न पाहता त्याने हिरवं बटण दाबलं आणि फोन कानाशी धरला. तेवढ्यात सुलोचनाबाईंच्या पिशवीत त्यांचा मोबाइल वाजायला लागला. त्यांनी तो काढला, सुरू केला आणि काहीच बोलल्या नाहीत.

"हॅलो! हां, बोलवा तिले. थांबतो मी." जियालाल भिंतीला टेकला. सगळे त्याच्याकडे आणि बाईंकडे आळीपाळीने पाहायला लागले. "हॅलो? अवो बोलवा ना, थांबून राहिलो."

"कोणाले बोलवू, जियालालभाऊ?" बाईंनी आपल्या मोबाइलमध्ये विचारलं.

तोच आवाज जियालालला फोनमधून आला आणि समोरूनही. त्याने फोन कानापासून दूर धरला.

"मी तर इथं बसली आहे. मिस कॉल मी दिला. तुम्ही नंबर पाहिला?"

"चष्मा... बायांचा असन म्हून..."

"रोवणीतले मिस कॉल पाहिले होते?"

जियालालने फोन हात लांब करून धरला आणि डोळे बारीक केले.

मग बाईंनी एकेक करून सांगितलं, शाळेत सांगावं तसं. दूरच्या टापूवर बसलेली काही माणसं जगभरच्या फोनांना मिस कॉल देतात. शहरातला माणूस अनोळखी नंबर पाहून सोडून देतो. पण सौंदडमध्ये ऐन रोवणीत मिस कॉल सोडणार कोण? जो पहिले फिरवेल त्याच्या बाया! पलीकडे टेप लावलेली, त्यात बाया हसतात, गातात, परक्या भाषेत बोलतात. दुसरा कुणी लगेच फोन ठेवेल. पण आपल्याकडे म्होरकीला बोलवायला माणूस जातो, तोवर फोन धरूनच थांबतात. जियालालभाऊ चहा पिऊन होईपर्यंत थांबले. यंदा छत्तीसगडची एकही टोळी आली नाही, देवकाबाईला विचारून या. अन् ती विदेशी सोय धनेंद्रने न विचारता चालू करून ठेवलेली, त्याने काल माझ्याजवळ कबूल केलं.

धनेंद्र जमिनीकडे पाहत होता. श्यामलालला हळूहळू उमगत होतं, की आपल्या लेकीवर या घरात कसला आळ आला होता. त्याच्या हातातली पिशवी खाली घसरली.

"टेप?" जियालाल म्हणाला. "मी टेपले म्हणून राहिलो होतो, बाई, म्होरकीले बोलवा? मी... इतके दिवस?"

कुणीच हसलं नाही. सुखवंताने तोंडात पदर कोंबला.

"हे बिल भरायचं नाही अजून," बाई म्हणाल्या. "आपण गोंदियाच्या ग्राहक मंचात जाऊ. न मागता सोय दिली, धोक्याचं सांगितलं नाही, यावर कंपनीला जाब विचारू. पण तिथं धनेंद्रला आपलं लिहून द्यावं लागेल. आणि तुम्हालाही, की फोन मीच केले."

जियालालने फोन स्टुलावर ठेवला. मग सुनेकडे वळला. त्याला तिच्याकडे नीट पाहवत नव्हतं.

"देतो लिहून," तो म्हणाला. "साऱ्यासमोर सांगतो. सूनबाई, मले माफी दे. माह्या घरात माह्याच बोटानं केलं, अन् तुह्या पोटातल्या लेकरापर्यंत गेलो मी." साठीचा तो दांडगा माणूस हुंदका आवरू शकला नाही. रुचिही रडायला लागली. वहिनीचा हात धरून तिने मतांचं कबूल केलं.

दुर्गेश्वरीने रुचिच्या डोक्यावरून हात फिरवला. बाईंचा जीव भांड्यात पडला. निभावलं, असं त्यांना वाटलं.

"पण बाई," दुर्गेश्वरीने विचारलं, "त्या पायलटचं? थो तं विदेशात हाय ना? मामाजीले अजूनही वाटेल."

"छे! तो फरीदाबादला घरी बसलाय. योगराजनेच सांगितलं मला परवा," बाई बोलून गेल्या, आणि बोलल्यावर त्यांना जीभ चावावीशी वाटली.

दुर्गेश्वरीचा हात रुचिच्या डोक्यावर थांबला. ती नवऱ्याकडे पाहत राहिली.

"तुमाले ठाऊक होतं?"

योगराज खांबाला टेकून उभा होता. "मले... मागच्या महिन्यापासून."

"म्हणजे मामाजी मले बोलत होते तेव्हाबी?"

दुर्गेश्वरी पुढे झाली आणि भिंतीशी ठेवलेली बॅग उचलायला वाकली. जियालाल घाईघाईने आडवा आला. "सूनबाई, आता कायले जातेस? सारं मिटलं ना. मी चुकलो म्हणून राहिलो ना."

"तिजाले साऱ्याच जातात मामाजी." तिचा आवाज शांत होता. "तुमच्यावर माहा राग नाही. तुमाले दूरदेशातल्या माणसाईनं फसवलं." मग ती योगराजकडे वळली. "तुमाले कोणं फसवलं जी? सांगा ना. मी राहू का जाऊ?"

साधा प्रश्न होता, आणि एका शब्दात उत्तर देता आलं असतं. सुलोचनाबाई मनातल्या मनात ओरडत होत्या : बोल बाबा, आता तरी बोल!

योगराजने तोंड उघडलं, आणि बोलायच्या आधी बापाकडे पाहिलं.

दुर्गेश्वरीने ते पाहिलं. तिने बॅग बापाच्या हातात दिली, पदर डोक्यावर नीट घेतला आणि श्यामलालच्या मागे पायऱ्या उतरून स्टेशनच्या रस्त्याला लागली.